उजव्या कोपऱ्यातला हंगाम

कारखान्याचा बॉयलर पेटला की बारामतीत ते सगळ्यात आधी नाकाला कळतं. माळेगावच्या बाजूनं वारा सुटला की वसतिगृहाच्या खोलीत मळीचा वास शिरतो. कच्चा, गोडसर, थोडा आंबलेला. वह्यांना लागतो, खिळ्याला टांगलेल्या शर्टाला लागतो. खोलीतली मुलं नाक मुरडतात आणि खिडकी लावून घेतात. ती वर्गात गेली की मी खिडकी पुन्हा उघडतो. त्या वासाबरोबरच मैदानावर फक्कीच्या रेषा पडतात, ढेकळं फोडून पाणी मारलं जातं आणि संध्याकाळी कबड्डीचा आवाज सुरू होतो. ऊस आणि कबड्डी यांचा हंगाम आमच्याकडं एकच. यंदाही वास आला. आणि मला गेल्या वर्षीचा हंगाम आठवायला लागला. तो नीट सांगता येईल की नाही, मला माहीत नाही. पण सांगितला नाही तर तो माझ्याजवळच पडून राहील, असं वाटतं.

दिवाळीची सुट्टी लागली की वसतिगृह एका दुपारात रिकामं होतं. काटेवाडीची मुलं सायकलीवर जातात, लांबची एसटीनं. मी कुठं जावं, हा प्रश्न मला दर वर्षी पडतो. आमचं घर इंदापूरच्या बाजूला, माळावर. पण पाऊस संपला की आबा, आई, चुलते, घोडी आणि मेंढरं असं सगळं बिऱ्हाड कोकणात उतरतं ते उन्हाळा संपतानाच वर येतं. घराला कुलूप असतं. पहिल्या वर्षी मी सवयीनं गेलो होतो. दाराला काटेरी फांदी टेकवलेली, चुलीत वाऱ्यानं आणलेला पाला. अंगणात थोडा वेळ बसलो, बाटलीतलं पाणी प्यालो आणि दुपारच्या गाडीनं परत आलो. तेव्हापासून सुट्टीतही मी वसतिगृहातच राहतो. सगळ्या खोल्यांना कुलपं असतात, व्हरांड्यात माझ्या एकट्याच्या चपला वाजतात.

आमच्या घरात कॉलेजात आलेला मीच पहिला. इथं कसं बोलावं, कुठं बसावं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी बहुतेक वेळ गप्प असायचो. मैदानावरही नुसता बघायला बसायचो. एकदा सरावाला एक गडी कमी पडला. खेळाच्या सरांनी बोट दाखवलं, "ए, उठ. त्या कोपऱ्यात उभा राहा. काही करू नकोस, नुसता उभा राहा."

चढाईला शहाजी आला. माळेगावच्या ऊसवाल्या घरातला, अंगानं भरलेला, कॉलेजचा सगळ्यात नावाजलेला चढाईपटू. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पलीकडच्याला शिवायला वळला आणि त्याचा मागचा पाय माझ्यासमोर आला. माझा हात आपोआप गेला. घोट्याच्या वर, जिथं नळी बारीक होते, तिथं. शहाजी तोंडावर आपटला.

"कुणी धरलं रं?" तोंडातली माती थुंकत तो म्हणाला.

मी हात वर केला.

"हात काय वर करतूस, शाळा हाय व्हय ही? नाव काय तुझं?"

"बिरू."

"बिऱ्या, लेका, कुणाची मेंढी समजलास का मला?"

सगळे हसले. मीही हसलो. त्याला काही ठाऊक नव्हतं, तो आपला सहज बोलला होता. पण बोलला ते खरंच होतं.

मेंढरू धरायचं ते मागच्या पायानं. कळपात घुसून धावाधाव करायची नाही. सगळी बुजतात. आपण बाजूला, खाली वाकून उभं राहायचं, दुसरीकडंच बघतोय असं दाखवायचं, आणि पाहिजे ते मेंढरू जवळून निघालं की हात टाकायचा. ते दोन-तीन झटके देतं. मग एकदम ढिलं पडतं. ते ढिलं पडलं की आपलाही हात त्याच क्षणी सैल व्हायला हवा, कारण नळी बारीक असते, आवळून धरली तर पाय जातो. हे मला कुणी शिकवलं नाही. आबांच्या शेजारी उभं राहून आलं. चालायला यावं तसं.

सरांनी मला उजवा कोपरा दिला. कोपऱ्याचं काम एकट्याचं आहे. साखळीतल्या बाकीच्यांचे दोन्ही हात कुणाच्या तरी हातात असतात, कोपऱ्यावाल्याचा एक हात रिकामा असतो. बघणारे बघतात ते चढाईकडं, टाळ्या वाजतात त्या चढाईला. कोपऱ्यावाला खाली मान घालून पाय बघत असतो. त्या हंगामात मला मुलांचे चेहरे कमी आणि पाय जास्त ओळखू यायला लागले. वर्गातही कुणी दारातून आलं की मान वर करण्याआधी मला पावलांवरून कळायचं. अंगठ्यावर भार देऊन चालणारा डावीकडं वळतो, टाचेवर चालणाऱ्याचा मागचा पाय उशिरा उठतो. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं आणि सांगायला कुणी नव्हतंही. पण एक गोष्ट मात्र मला हवीशी वाटायला लागली होती. विद्यापीठाचा संघ. आधी मनातल्या मनात, मग इतकी की जेवताना घास हातात राहायचा. विद्यापीठाच्या संघातला मुलगा कुठं बसला तरी चालतं, त्याला कुणी 'तू कुठला रे' असं विचारत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

निवड व्हायची ती विभागाच्या स्पर्धांतून. त्या गेल्या वर्षी इंदापूरला होत्या. निवड करणारे टेबलामागं बसलेले, गॅलरी म्हणजे उभ्या केलेल्या दोन ट्रॉल्या, त्यावर पोरं ऊस खात बसलेली. सामना सरत आला होता आणि आम्ही थोडक्यानं पुढं होतो. समोरचा शेवटचा चढाईपटू आला, लांब हातापायांचा, शिडशिडीत. त्याचा पाय माझ्यासमोर आला आणि मी धरला. बाकीचे धावून त्याच्यावर पडले. त्यानं दोन झटके दिले, तिसरा दिला आणि पालथा पडून ढिला झाला. मान टाकली, हात टाकले, अंगातलं सगळं बळ गेल्यासारखा. त्याचा दम अजून चालू होता, बारीक, मातीत तोंड खुपसून. मला तो ऐकू येत होता. हे मला कळत होतं. पण हाताला कळलं नाही. हात सैल झाला. त्यानं साप सळसळावा तसं अंग लांब केलं आणि बोटांनी मध्यरेषा शिवली.

त्याला चिकटलेले आम्ही सगळेच बाद झालो. ट्रॉलीवरची पोरं ऊस टाकून नाचायला लागली. मी मैदानाबाहेर बसलो आणि आपल्या हाताकडं बघत राहिलो. तो दुसऱ्याचाच असल्यासारखा वाटत होता.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, गाडीखाली बांधलेले कंदील. भिगवण रस्त्याला लागल्यावर सर उठून माझ्या शेजारी येऊन बसले.

"धरलास तर चांगला. सोडलास का?"

"ढिला पडला सर तो."

"ढिला पडला म्हणून सोडायचं असतं का?"

मी म्हणालो, "आमच्यात सोडतात."

सरांनी माझ्याकडं बघितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "टेबलावरच्या माणसांना तुझी पकड आवडली आहे. निवड चाचणीला बोलावलंय तुला. महिना-दीड महिना आहे. शिट्टी वाजेपर्यंत मुठीतलं सोडायचं नाही, एवढं एकच शीक. नाही जमलं तर मी तरी काही करू शकणार नाही."

शिकणं एकवेळ सोपं असेल. मला आधी विसरायचं होतं.

थंडीत पहाट झाली की शहाजी सायकलवरून यायचा. मफलर, तोंडातून वाफ, सायकलच्या हँडलला आईनं दिलेला डबा. मैदानावर दव असायचं, माती गार लागायची. तो चढाईला यायचा, मी धरायचो, तो झटके द्यायचा आणि मग मुद्दाम ढिला पडायचा. माझा हात सुटायचा. पुन्हा. पुन्हा.

"आरं, मी काय मेलोय का?" तो उठून ओरडायचा. "मी नाटक करतूय! तुला दिसतंय नाटक हाय म्हणून. तरी सोडतूस?"

"मी सोडत न्हाय. सुटतंय."

"मग बांध त्याला दाव्यानं!"

एकदा त्यानं खरंच मफलरनं माझा हात स्वतःच्या पायाला बांधला. दोघंही लोळत रेषेपर्यंत गेलो आणि हसून हसून उठता येईना. त्या पहाटेची मला अजून आठवण येते. नंतर डबा उघडून तो म्हणाला, "तुझी आई काय देती रं डब्यात?" मी म्हणालो, आई कोकणात असती. तो म्हणाला, "उन्हाळ्यात येत आसंल की." मी हो म्हणालो. मग त्यानं भाकरीचा मोठा तुकडा माझ्याकडं सरकवला आणि दुसरं काहीतरी बोलायला लागला.

दिवसभर मी हाताला शिकवायचो. तासाला बसलो की बाकाची कड धरून ठेवायचो, घंटा होईपर्यंत. रात्री उशीच्या कोपऱ्याला मूठ आवळून झोपायचो. सकाळी मूठ उघडी दिसायची. आणि एका पहाटे, काही न होता, ते झालं. शहाजी ढिला पडला आणि हात सुटला नाही. त्यानं अंग लांब केलं, मान टाकली, शेवटी कण्हायला लागला. हात सुटला नाही.

"सोड," तो म्हणाला. "बिऱ्या, सोड आता, दुखतंय खरंच."

मला सोडायचं होतं. पण सुटायला वेळ लागला. त्याच्या घोट्यावर माझी चार बोटं उमटली होती. तो पाय चोळत आनंदानं ओरडत होता, "जमलं लेका, जमलं!" आणि मी बोटं उघडून-मिटून बघत होतो.

निवड चाचणीत तसाच एक चढाईपटू आला, तसाच ढिला पडला. पंचांची शिट्टी झाली तेव्हा तो माझ्या मुठीतच होता. संध्याकाळी नावं वाचून दाखवली. माझं नाव शेवटाकडं आलं. मुलांनी पाठीवर थापा मारल्या, सरांनी खांदा दाबला. शहाजीही चाचणीला होता, पण त्याचं नाव आलं नव्हतं. त्यानं मला मिठी मारली आणि तोंड धुवायला म्हणून नळाकडं गेला तो बराच वेळ आला नाही.

निवडलेली मुलं बाहेरच्या पिवळ्या एसटीडी बूथपुढं रांगेनं उभी राहिली. मीही राहिलो. का राहिलो ते माहीत नाही. कुणी आईशी बोललं, कुणी गावातल्या दुकानदाराकडं निरोप ठेवला. माझी पाळी आली तेव्हा बूथवाल्यानं विचारलं, "कुठं लावायचाय?" आबा तेव्हा कुठल्या तालुक्यात, कुठल्या गावाच्या शेतात मेंढरं बसवून होते ते मला ठाऊक नव्हतं. ते त्यांनाही आदल्या दिवशी ठाऊक नसतं. मी म्हणालो, "राहू द्या," आणि मागच्याला पुढं केलं.

मग विद्यापीठाचा निळा ट्रॅकसूट मिळाला आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी रेल्वेनं खूप लांब गेलो. तिथलं मला फार आठवत नाही. एका मोठ्या हॉलमध्ये जमिनीवर गाद्या, गोड डाळ, न समजणारी भाषा. माझ्या डाव्या हाताला नगरकडचा एक मुलगा असायचा. चांगला होता, पण त्याचा हात घामट आणि अनोळखी होता, कॉलेजच्या साखळीत शेजारी असायच्या त्या शहाजीच्या हातासारखा खरखरीत नव्हता. मी जे धरले त्यांतला एकही सोडला नाही. आम्ही उपांत्य फेरीच्या आधी हरलो. रात्री मुलं गावात फिरायला गेली. मी सामान राखतो म्हणालो आणि गादीवर बसून राहिलो. संघातल्या मुलाला कुणी काही विचारत नाही, हे खरं निघालं. कुणीच काही विचारलं नाही.

उन्हाळा सरत आला तेव्हा कळलं की आमचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळं बिऱ्हाड, घाट चढून वर आलाय आणि मोरगावच्या अलीकडं माळावर उतरलाय. मी ट्रॅकसूट घालून गेलो. एसटीतून उतरलो तर लांबूनच घोडी दिसली, रात्री मेंढरं कोंडायची वाघरीची जाळी दिसली, आईचा चुलीचा धूर दिसला. आई चेहऱ्यावरून हात फिरवून म्हणाली, "वाळलास." आबांनी ट्रॅकसूटची बाही दोन बोटांत धरून बघितली, लोकर बघतात तशी.

"ह्ये कुणी दिलं?"

"विद्यापीठानं. मी संघात आलो आबा. कबड्डीच्या."

"कवा?"

"थंडीत."

"थंडीत," आबा म्हणाले आणि त्यांनी बाही सोडली. मग म्हणाले, "मग तुझं काम काय असतंय तितं?"

"पाय धरायचा."

तात्या, माझे चुलते, शेजारीच दोर वळत होते. "कुणाचा रं? मास्तराचा व्हय?"

"पळणाऱ्याचा."

"मग ये की, हितं पळणारी लय हायती. औषध पाजायचंय."

आबा नळीनं औषध पाजत होते आणि मी एकेक मेंढरू धरून देत होतो. किती महिन्यांनी. लोकरीचा, लेंड्यांचा, उन्हाचा वास. एक जवान मेंढी निघाली, मी हात टाकला, तिनं झटके दिले आणि ढिली पडली.

"सोड," आबा म्हणाले.

मला वाटलं, सोडलं.

"आरं सोड की! पडली न्हवं ती! सोड!"

हात सुटला तेव्हा ती ओरडत तीन पायांवर पळाली. आबांनी तिला जवळ घेतलं, पायाच्या नळीवरून अंगठा फिरवला. "मोडला न्हाय," ते म्हणाले. "मुरगाळलाय." माझ्याकडं बघितलं नाही. तात्या म्हणाले, "कालिजात ह्येच शिकिवत्यात व्हय?" आणि मग त्यांनाच ते बरं वाटलं नसावं, ते दोर घेऊन पलीकडं गेले.

दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर आबा उठले. धोतर वर खोचलं, काठीनं मातीत एक रेघ ओढली.

"ही तुमची रेघ न्हवं? चल. दाव कसं धरतूस."

"नगं आबा. लागंल."

"लागू दे. मला बघायचंय."

"आवं, वय काय तुमचं!" आई चुलीपासून ओरडली. तात्या हसत येऊन बसले.

आबांनी दम घेतला. त्यांच्या काळातला, हुतुतुतु करत. ते वाकून आले, एकदा डावीकडं हुलकावणी दिली, आणि त्यांचा मागचा पाय माझ्यासमोर आला. मी धरला. घोट्याची कातडी कोरडी, भेगाळलेली, नळी माझ्या मुठीत सहज मावणारी. इतकी बारीक असेल असं मला वाटलं नव्हतं. ते पडले. झटका दिला, दुसरा दिला. रेघ हातभर लांब होती. मग ते ढिले पडले. मान टाकली, हात टाकले. मातीत तोंड, आणि त्या तोंडातून बारीक हुतुतुतु. माझ्या अंगठ्याखाली त्यांची शीर उडत होती. तात्या हसायचे थांबले. आबांचा दम संपला. तरी माझी मूठ तशीच.

"आता?" आबा मातीतूनच म्हणाले.

"शिट्टी होस्तवर सोडायचं न्हाय, आबा."

ते थोडा वेळ तसेच पडून राहिले. मग पालथ्या पालथ्याच त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि शीळ घातली. लांब, वर चढत जाणारी, कळपाला बोलवायची. माळावरच्या सगळ्या मेंढरांनी एकदम माना वर केल्या. बाभळीखाली बसलेली उठली, लांबची वळली आणि धूळ उडवत आमच्याकडं यायला लागली.

माझी मूठ उघडली.

आबा उठून बसले, घोटा चोळला, तोंडावरची माती पुसली. "पक्कं हाय," ते तात्यांना म्हणाले. मग मला म्हणाले, "उद्यापास्नं तू घोडी सांभाळ. मेंढराला हात लावू नगंस." आवाजात राग नव्हता. ते लंगडत चार पावलं पुढं गेले, मेंढरं त्यांच्या गुडघ्यांभोवती दाटली, आणि मी निळ्या ट्रॅकसूटवरची माती झाडत रेघेच्या अलीकडं उभा राहिलो.